डावी बाजू कोण सांभाळणार?

'फुटबॉल' म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये ताबडतोब दोन पार्ट्या पडतात. एक मेस्सीची, एक रोनाल्डोची. आणि मग मेसमधली भाजी थंडगार होईपर्यंत भांडण चालतं. पण मंडळी, हा लेख त्या फुटबॉलबद्दल नाहीच! हा आहे अमेरिकन फुटबॉलबद्दल. म्हणजे ज्यात पाय कमी आणि हात जास्त वापरतात, चेंडू लांबुळका असतो आणि हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांना धडका देतात. "हे काय भलतंच?" असं म्हणून प्लीज लगेच पान उलटू नका. कारण फिरून फिरून गाडी शेवटी आपल्याच वर्कशॉपच्या दारात येऊन थांबणार आहे.

आधी एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातून काही तास, आणि तेही "निबंध पाठ करा" टाइप. त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायचं म्हटल्यावर रूममधल्या सगळ्या जणी हसल्या. असो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने काढल्यात, विचारांतल्या चुका मात्र माझ्याच आहेत.

आता मला हा खेळ कसा काय माहीत? तर माझी आत्या न्यू जर्सीत राहते, फिलाडेल्फियाहून पूल ओलांडला की अर्ध्या तासावर. आतेभाऊ तिथेच वाढला. घरात गणपती बसतो, आरती मराठीत होते, पण दादाचं खरं दैवत म्हणजे 'फिलाडेल्फिया ईगल्स' ही टीम! २०२१ साली मी दहावीला होते. तुम्हाला आठवत असेलच, त्या वर्षी आपल्या बोर्डाची परीक्षाच झाली नाही. नववीचे मार्क आणि शाळेचं अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लावला. सगळीकडे लॉकडाऊन, अकरावीचे प्रवेश लटकलेले, घरात बसून करायचं काय? मग दादाने व्हिडिओ कॉलवर मला हा खेळ शिकवायला घेतला. आणि ऑगस्टपर्यंत मी एवढी तयार झाले की त्याच्याशी चक्क भांडायला लागले. भांडणाचा विषय एकच होता: ईगल्सचा लेफ्ट टॅकल कोण असावा?

हा लेफ्ट टॅकल म्हणजे कोण?

थोडक्यात सांगते, फार बोअर करत नाही. मैदानात एका बाजूचे अकरा जण. त्यातला हीरो म्हणजे क्वार्टरबॅक, जो चेंडू फेकतो. जाहिराती त्याच्या, टी-शर्टवर नाव त्याचं. त्याच्यापुढे पाच दणकट माणसांची भिंत उभी असते. त्या भिंतीच्या डाव्या टोकाला जो उभा असतो तो लेफ्ट टॅकल.

बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकतात. उजव्या हाताने लांब फेकायला उभं राहून बघा, तुमचं अंग आपोआप उजवीकडे वळतं आणि डावी बाजू पाठीमागे जाते. म्हणजे डावीकडून कोण धावत येतंय ते दिसतच नाही. आणि समोरची टीम नेमका आपला सगळ्यात चपळ, सगळ्यात खुनशी माणूस तिकडूनच सोडते. त्याला अडवायचं हे लेफ्ट टॅकलचं काम. ते सुद्धा मागे-मागे सरकत! क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडलं तर त्याला 'सॅक' म्हणतात. सॅक होऊ द्यायचा नाही, बस्स.

गंमत बघा, हा माणूस सहसा चेंडूला हातही लावत नाही. त्याच्या नावापुढे ना धाव, ना गोल. साठ वेळा नीट अडवलं तर कॉमेंटेटर त्याचं नावही घेत नाही. एकसष्टाव्या वेळी पाय घसरला की देशभर रिप्ले! आपल्याकडच्या विकेटकीपरसारखंच हे. दिवसभर नव्वद ओव्हर्स वाकून उभा राहिला त्याचं काही नाही, एक कॅच सोडला की "याला कुणी घेतलं रे?"

ही जागा किती महत्त्वाची, ते एका जुन्या प्रसंगामुळे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. १८ नोव्हेंबर १९८५ ला वॉशिंग्टन विरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स अशी मॅच टीव्हीवर थेट चालू होती. न्यूयॉर्कच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला पाडलं आणि थाइसमनचा पाय सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडला. तो पुन्हा कधी खेळलाच नाही. मायकेल लुईस या लेखकाने २००६ साली 'द ब्लाइंड साइड' हे पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवात याच प्रसंगाने होते. त्यावरचा २००९ चा पिक्चर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, सँड्रा बुलॉकला ऑस्कर मिळालेला. तर अशी ही जागा. दिसत नाही, पण रिकामी राहिली तर घात होतो.

ईगल्सची पंचाईत

ईगल्सकडे २००९ पासून जेसन पीटर्स नावाचा जबरदस्त लेफ्ट टॅकल होता. पण २०२० साल उजाडेपर्यंत तो ३८ वर्षांचा झाला. या खेळात ३८ म्हणजे आजोबाच! त्याच्या जागी कोण, हा प्रश्न आधीच ओळखून टीमने एकाला तयार ठेवलं होतं, आंद्रे डिलार्ड.

इथे त्यांची निवडपद्धत सांगायला हवी. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. आपल्या अ‍ॅडमिशनच्या कॅप राउंडसारखंच, फक्त उलटं. ऑप्शन फॉर्म मुलांनी नाही, टीमने भरायचा! लीगमध्ये ३२ टीम्स, सात राउंड. मागच्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमला पहिली निवड. कॉलेजातून आलेल्या शेकडो पोरांमधून एकेक टीम एकेकाला उचलते. पहिल्या राउंडमध्ये गेलात तर तुम्ही टॉपर. सातव्यात गेलात तर "बघू, जमलं तर ठेवू".

डिलार्डला ईगल्सनी २०१९ मध्ये पहिल्या राउंडमध्ये २२ व्या नंबरला घेतलं. त्यांचा स्वतःचा नंबर २५ वा होता, पण हा पोरगा हातचा जाऊ नये म्हणून पुढच्या राउंडमधल्या निवडी दुसऱ्या टीमला देऊन ते मुद्दाम तीन पायऱ्या वर चढले. थोडक्यात, हौसेने आणि महागात घेतलेला माणूस.

आणि त्याच टीममध्ये एक कोपऱ्यात बसलेला जॉर्डन मायलाटा होता. हा सिडनीचा. आईवडील मूळचे सामोआचे. उंची सहा फूट आठ इंच, वजन दीडशे किलोच्या वर. तो ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा आणि अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच आयुष्यात खेळलेला नव्हता. एकही! २०१८ मध्ये ईगल्सनी त्याला सातव्या राउंडमध्ये २३३ व्या नंबरला घेतलं. त्या वर्षी एकूण निवडीच २५६ होत्या. म्हणजे जवळजवळ स्पॉट अ‍ॅडमिशन! पहिली दोन वर्षं तो पाठीच्या दुखण्याने आणि नवखेपणाने एकही अधिकृत मॅच खेळला नाही.

मग २०२० आलं. मोसम सुरू होण्याआधीच डिलार्डचा दंडाचा स्नायू फाटला, वर्ष गेलं. पीटर्सला खरं तर दुसऱ्या जागेवर खेळवायला परत बोलावलं होतं, त्यालाच पुन्हा डावीकडे उभं केलं. तोही जखमी झाला. शेवटी ४ ऑक्टोबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मायलाटाला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं. ती मॅच ईगल्स जिंकले, पण वर्ष मात्र पार वाया गेलं. ४ विजय, ११ पराभव, १ बरोबरी. त्यांचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ ५० वेळा सॅक झाला, त्या वर्षीचा लीगमधला सर्वांत जास्त आकडा. २०२१ मध्ये वेंट्झ टीम सोडून गेला, पीटर्सही राहिला नाही, नवीन कोच निक सिरियानी आले आणि लेफ्ट टॅकलची जागा सगळ्यांसाठी खुली झाली.

चार पक्ष, चार मतं

अख्ख्या फिलाडेल्फियात तेव्हा हा एकच विषय होता म्हणे. आत्याकडे पोळ्या लाटतानासुद्धा तीच चर्चा. साधारण चार पक्ष होते.

पहिला पक्ष: "डिलार्डलाच द्या. पहिल्या राउंडचा माणूस आहे, त्याच्यासाठी एवढी किंमत मोजली आहे, आणि कॉलेजात वर्षानुवर्षं हेच काम केलंय."

दुसरा पक्ष: "कशाला तरुणांच्या भरवशावर राहायचं? तयार माणूस विकत आणा." या पक्षाला उत्तर म्हणून लोक ह्यूस्टनकडे बोट दाखवायचे. ह्यूस्टनने ३१ ऑगस्ट २०१९ ला मायामीकडून लॅरेमी टन्सिल हा लेफ्ट टॅकल आणला. माणूस चांगलाच निघाला, वादच नाही. पण बदल्यात दोन वर्षांच्या पहिल्या राउंडच्या निवडी आणि एक दुसऱ्या राउंडची निवड द्यावी लागली. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, ह्यूस्टन १२ मॅचेस हरलं. त्यामुळे त्यांच्या वाट्याला आलेला तिसरा नंबर, जो खरं तर सोन्यासारखा, तो फुकट मायामीच्या घरात! भिंतीची एक वीट आणली आणि अंगण विकलं.

तिसरा पक्ष: "उजवीकडचा डावीकडे आणा." ईगल्सकडे उजव्या टोकाला लेन जॉन्सन होता, २०१३ चा चौथ्या नंबरचा. त्यालाच हलवा. ऐकायला सोपं वाटतं. पण पायांची ठेवण, वजन कुठल्या पायावर, पहिला धक्का कुठल्या हाताने, सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. तुम्ही उजव्या हाताने शीट काढत असाल तर उद्याची ड्रॉइंगची परीक्षा डाव्या हाताने देऊन बघा! तरीही हे अशक्य नाही. टँपा बेच्या ट्रिस्टन वर्फ्सने २०२३ मध्ये उजवीकडून डावीकडे येऊन ते नीट करून दाखवलं. आपणही २००३ च्या वर्ल्डकपला द्रविडच्या हातात ग्लव्हज दिलेच होते की, आणि फायनलपर्यंत गेलो. पण असं केलं की मूळ जागा रिकामी होते (किंवा मूळ कामाचा ताण दुप्पट होतो), हे लोक विसरतात. एक खड्डा बुजवायला दुसरा खणायचा.

चौथा पक्ष: "मायलाटा." या पक्षात आमचा दादा.

मी अर्थातच पहिल्या पक्षात. आम्ही दोघं तासन्‌तास वाद घालायचो. "अरे दादा, २२ वा नंबर कुठे आणि २३३ वा कुठे! त्या पोराने शाळेत कधी हा खेळ पाहिला तरी असेल का?" दादाचं उत्तर मला अजून आठवतं. तो म्हणाला, "हे बघ, २२ हा नंबर एप्रिल २०१९ चा आहे. आज ऑगस्ट २०२१ आहे. त्या दिवशी कोण किती तयार होता ते तो नंबर सांगतो. आज कोण तयार आहे ते मैदानावर बघायचं." मी तरी ऐकेना. मग तो हसून म्हणाला, "तू डिलार्डची बाजू घेतच नाहीयेस. तू झालेल्या खर्चाची बाजू घेतेयस."

तेव्हा राग आला होता. पुढे इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या लेक्चरला सरांनी 'बुडीत खर्च' शिकवला, तेव्हा कळलं की दादाने तो धडा आधीच घेतला होता. जे पैसे गेले ते गेले; पुढचा निर्णय त्यांच्याकडे बघून घ्यायचा नसतो. आणि अजून एक गोष्ट आज लिहिताना जाणवतेय. ज्या मुलीचा स्वतःचा दहावीचा निकाल परीक्षेशिवाय लागला होता, जिला "कोविड बॅच" म्हणून लोक हिणवत होते, तीच दुसऱ्या कुणाला "याचा रेकॉर्ड कुठाय?" असं विचारत होती!

पुढे काय झालं?

ट्रेनिंग कॅम्पमध्ये दोघांना समोरासमोर उभं केलं. ऑगस्टमध्ये डिलार्डचा गुडघा दुखावला, पण तोपर्यंतच मायलाटा पुढे गेलेला होता. जागा त्याला मिळाली आणि ११ सप्टेंबर २०२१ ला टीमने त्याच्याशी ४ वर्षांचा ६ कोटी ४० लाख डॉलर्सचा करार केला. २०२४ मध्ये तो करार आणखी वाढवला. ईगल्स फेब्रुवारी २०२३ ची सुपर बोल, म्हणजे त्यांची फायनल, ३५-३८ अशी थोडक्यात हरले. मग २०२४ च्या मोसमात याच भिंतीच्या आडून सॅक्वॉन बार्कली २००५ यार्ड धावला, आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं धुतलं. डावीकडे मायलाटाच.

डिलार्ड? २०२३ मध्ये टेनेसीने त्याला ३ वर्षांच्या करारावर लेफ्ट टॅकल म्हणून नेलं आणि एका मोसमानंतर सोडून दिलं. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं. त्याने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. २२ हा नंबर त्याने स्वतः मागितला नव्हता, लोकांनी त्याच्या पाठीवर चिकटवला होता.

पण थांबा, हे एवढं सोपं नाही

इथे माझी एक मैत्रीण म्हणेल, "झालं! म्हणजे मार्क, रँक, पॉइंटर सगळं खोटं. मेहनत करा, यश मिळवा. टाळ्या!" नाही बाई, तसं नाहीये. सातव्या राउंडमधून आलेली बहुतेक पोरं कुणाला नाव कळायच्या आत घरी जातात. एका मायलाटाची गोष्ट आपण सांगतो कारण तो अपवाद आहे. आणि लेन जॉन्सन चौथ्या नंबरचा, वर्फ्स पहिल्या राउंडचा, हे पण तितकेच उत्तम निघाले. नंबराला अर्थ असतो. माझं म्हणणं इतकंच आहे की नंबरावरून पहिली संधी कुणाला द्यायची ते ठरवा, शेवटचा निकाल नको.

दुसरी गोष्ट तर त्याहून महत्त्वाची. मायलाटा काही आकाशातून पडला नाही. ईगल्सकडे जेफ स्टाउटलँड म्हणून लाइनचे कोच २०१३ पासून होते. ज्याला उभं कसं राहायचं हेही माहीत नव्हतं, त्याला त्यांनी अक्षरशः पाय कुठे ठेव इथपासून शिकवलं. मॅचच्या आधी टीव्हीवर खेळाडू आपलं नाव आणि कॉलेज सांगतात. मायलाटा कॉलेजला गेलाच नाही, म्हणून तो सांगतो, "जेफ स्टाउटलँड युनिव्हर्सिटी"! यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा कुठली? २०१७ मध्ये पीटर्स मधेच जखमी झाला, तेव्हासुद्धा पाचव्या राउंडचा वायटाई डावीकडे उभा राहिला आणि त्याच मोसमाअखेर ईगल्स पहिल्यांदा सुपर बोल जिंकले. तेव्हाही कोच हेच.

म्हणजे बघा, "लेफ्ट टॅकलची जागा कशी भरायची?" यावर चारही पक्ष ऑगस्ट २०२१ मध्ये भांडत होते, पण खरं उत्तर २०१८ मध्येच दिलेलं होतं. ज्या दिवशी एका अनोळखी पोराला आत घेतलं आणि "दोन वर्षं काही देऊ शकला नाहीस तरी चालेल, पण शिक" असं म्हटलं, त्या दिवशी जागा भरली. आम्ही सगळे निवडीवर भांडत होतो. काम मात्र शिकवण्याने झालं होतं.

आता आपलं वर्कशॉप

इतका वेळ वाचलंत, थँक्यू. आता खरं जे सांगायचंय ते.

आपल्या कॉलेजची गाडी बनवणारी टीम सगळ्यांना माहीतच आहे. इंजिनवाल्यांचे फोटो नोटिस बोर्डावर लागतात, ड्रायव्हरची तर हवाच वेगळी. त्यातली 'लेफ्ट टॅकल'ची जागा म्हणजे ब्रेक्स. ब्रेक लागले तर कुणी टाळ्या वाजवत नाही. स्पर्धेत तपासणीच्या वेळी चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत. एक जरी फिरलं तरी गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. मग इंजिन कितीही भारी असो, बसा तंबूत.

गेल्या वर्षी ब्रेक्सचा सीनियर पास आउट झाला. जागा रिकामी. नावं तीन होती. एक क्लासचा टॉपर. दुसरा स्टिअरिंगवाला सीनियर, "त्यालाच इकडे हलवू" म्हणून. आणि तिसरी माझी रूममेट. ती डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. डिप्लोमाच्या ट्रेनिंगला ती एसटीच्या डेपोत होती, तिथे तिने खऱ्या गाड्यांच्या ब्रेकचं काम जवळून बघितलेलं, हात काळे केलेले.

मी पहिल्या वर्षापासून टीममध्ये असल्यामुळे मला मत होतं. आणि मी कुणाला मत दिलं? टॉपरला! मीटिंगमध्ये मी बोललेली वाक्यं सुद्धा आठवतात. "डिप्लोमाची आहे, एम-थ्रीला बॅक लागली तर मधेच सोडेल. टॉपर सेफ आहे." २२ वा नंबर आणि २३३ वा नंबर, परत तेच! दादाने सांगून तीन वर्षं झाली होती. हात वर करून मतदान होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिला कळलंच असणार. ती रूमवर आली, बॅग टाकली आणि म्हणाली, "चहा टाकतेय. घेणार का?" त्यावर आमचं आजपर्यंत कधीही बोलणं झालेलं नाही. एम-थ्री तिला पहिल्या फटक्यात सुटला, हे जाता जाता सांगते.

गाडी पहिल्या तपासणीत ब्रेकवर फेल झाली, दुसऱ्या वेळी पास झाली. टॉपरला दोष देत नाहीये. त्याला बिचाऱ्याला कुणी शिकवलंच नव्हतं, तो आदल्या रात्री नेटवर बघून ब्रेकच्या नळीतली हवा काढत होता. आणि माझ्या रूममेटने काम बरं केलं असतं का? ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण तिला आम्ही हात लावूच दिला नाही. मायलाटाची गोष्ट जगाला कळली, कारण त्याला मैदानात उतरवलं. हिच्या बाबतीत आपलं नुकसान किती झालं, हे कुठल्याच हिशोबात दिसत नाही.

१० फेब्रुवारी २०२५ ची पहाट. अमेरिकेत रविवार संध्याकाळ, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाच. मी पांघरुणात मोबाइलवर सुपर बोल बघत होते. उजेडाने ती उठली आणि शेजारी येऊन बसली. खेळातलं तिला काही माहीत नाही. सगळे बघतात तसा मी चेंडू बघत होते. तिने पाच मिनिटांनी विचारलं, "हा डावीकडचा धिप्पाड माणूस उलटा चालत एवढ्या जोरात कसा काय अडवतोय गं?" पहिल्यांदा ही मॅच बघणाऱ्या माणसाला लेफ्ट टॅकल दिसला! मी तिला सगळी गोष्ट सांगितली, आता तुम्हाला सांगितली तशी. ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे त्याला दोन वर्षं बसवून शिकवलं म्हणायचं." आणि परत झोपायला गेली. मला मात्र झोप आली नाही.

म्हणून या परीक्षेनंतर टीमची नवीन निवड होईल तेव्हा माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या मी मीटिंगमध्येही मांडणार आहे.

एक, पॉइंटर आणि "कुठून आलास" हे फॉर्म छाननीपुरतंच बघा. पुढे सगळ्यांना दोन आठवडे वर्कशॉपमध्ये एकच काम द्या. ब्रेक खोला, जोडा, हवा काढा, चाक लॉक करून दाखवा. हात वर करून मतदान नको. चाक फिरतंय की नाही ते सगळ्यांना दिसतंच.

दोन, जागा रिकामी झाल्यावर माणूस शोधू नका. आज जो ब्रेक्सवर आहे त्याच्या हाताखाली आत्तापासून दोन ज्युनिअर ठेवा, त्यात एक तरी असा की ज्याला अजून काहीच येत नाही.

तीन, ही स्टाफसाठी. सर, मॅडम, तुम्ही आमच्या निवडीच्या कागदावर सही करता, त्याऐवजी आठवड्यातून एक तास शिकवायला या. आणि वर्कशॉपमधल्या मामांना आम्ही फक्त "मामा, चावी द्या" एवढ्यापुरतं ओळखतो. त्यांच्या हातात आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही. आपले स्टाउटलँड कदाचित तेच असतील.

तर मंडळी, असं आहे. पटलं तर मीटिंगला या, नाही पटलं तर मेसमध्ये भांडायला या, पण भाजी गरम आहे तोवर.

आणि रूममेट, हा अंक तुझ्याही हातात येईलच. मी चुकले होते. निवडीचा कोरा फॉर्म टेबलाच्या वरच्या खणात ठेवलाय. भरायचा की नाही, ते तू ठरव. चहा आज मी टाकते.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह